हत्ती आणि चार्जर

हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट आपण पाठशाळेतच ऐकतो. शेपूट हाती आलेला म्हणतो दोरी, पाय हाती आलेला म्हणतो खांब. खोटं कुणीच बोलत नाही, पण हत्ती कुणालाच कळत नाही. अनेकांत रोजच्या संसारात कुठे लागतो, असं कुणी विचारलं, तर मी लॅपटॉपच्या चार्जरचं सांगते.

आमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सासूबाईंच्या आवाजातलं भक्तामर आहे. त्याच्या अडॅप्टरची वायर तुटली, म्हणून जेल रोडवरून नवा आणला. दिवा लागला, लॅपटॉप चालूही झाला, पण बॅटरी 17 टक्क्यांवरून हलेना. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, बैटरी गई." मुलगा फोनवर म्हणाला, "मदरबोर्ड असेल, आई. नवाच घेऊन टाकू." ह्यांचं मत, चार्जिंगचं भोकच सैल झालंय.

म्हटलं, थांबा जरा. लॅपटॉप चालतोय तोवर भक्तामर पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. आधी भिंतीवरचं सॉकेट बदललं, फरक नाही. दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे ताडून पाहिले: 19.5 व्होल्ट, 3.34 अँपिअर, 65 वॅट. अगदी सारखे. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर कमी नकोत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. शेवटी शेजारच्या वहिनींकडून त्याच कंपनीचा मूळ अडॅप्टर मागून आणला. दहा मिनिटांत 17 चे 21 झाले! बॅटरी, मदरबोर्ड, भोक, सगळे निर्दोष.

काही लॅपटॉपच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज देत नाही; अडॅप्टर किती वॅटचा आहे, एवढंच लॅपटॉपला सांगते. ती ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. आमच्या नव्या अडॅप्टरला ती ओळख देता येत नव्हती. बिल होतं, म्हणून तो बदलून मिळाला.

दुकानदाराचं ऐकलं असतं तर चांगली बॅटरी टाकली असती, मुलाचं ऐकलं असतं तर अख्खा लॅपटॉप. अपरिग्रह म्हणजे नुसतं नवं न घेणं नाही. हाती आहे ते अजून चालतं का, हे नीट पाहणंही त्यातच येतं. आपलं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत नाव कमावतंय, आणि कचरा गाडीत इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा कप्पाही वेगळा असतो. त्यात आमच्या घरून फक्त तुटक्या वायरचा अडॅप्टर गेला.