फातिमाची एक ओळ

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या मुलीने शाळेत भाषण केले. ती नववीत आहे. फातिमा शेख हा विषय तिनेच निवडला होता. मागच्या रांगेत बसून ऐकताना आमचा ऊर भरून आला. कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी एका पालकांनी हसत विचारले, "बेटा, ही बाई खरंच होऊन गेली का? की कोणी रचलीय?" तिला उत्तर देता आले नाही. आम्हालाही आले नाही.

२०२५च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर हाच वाद पेटला होता, वाचकांना आठवत असेल. तेव्हा आम्ही चिडलो, चार संदेश इकडून तिकडे पाठवले आणि विसरलो. पुस्तक काही उघडले नव्हते.

त्या रात्री दूधनाक्यावरच्या आमच्या घरात जेवण कोणाला गोड लागले नाही. रविवारी आम्ही तिघे लोकल पकडून ठाण्याला, राबोडीत खालांकडे गेलो. खालांनी एकतीस वर्षे मुलींना शिकवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, जोहरची नमाज पढल्या आणि कपाटातून एक जाड ग्रंथ काढला. 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय', संपादक डॉ. मा. गो. माळी, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलेला.

त्यात सावित्रीबाईंनी जोतिबांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. तिसरे १८७७च्या दुष्काळातले, तेही वाचण्यासारखे आहे. पण आमचे काम पहिल्याशी होते. तारीख १० ऑक्टोबर १८५६. सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी आहेत. अस्पृश्यांना शिकवता म्हणून भाऊ बोल लावतो, त्याला त्यांनी काय सुनावले ते त्या सविस्तर लिहितात. आणि मध्येच पुण्याची आठवण येते: आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही. एवढेच. आडनाव नाही, गाव नाही. घरातल्या माणसाचे नाव घ्यावे तसे घेतले आहे.

मुलगी ती ओळ तीनदा वाचून आनंदाने उठली. खाला म्हणाल्या, "बस. भाषणाचा कागद दे."

लाल पेनाने त्यांनी जन्मतारीख खोडली. "गूगलने ९ जानेवारीला चित्र लावलं, म्हणून ती दाखल्यावरची तारीख होत नाही." उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला घरात आसरा दिला, या वाक्यापुढे 'असे सांगतात' लिहिले. शेणाचे गोळे फातिमाच्याही अंगावर पडले, हा परिच्छेद आम्हीच रात्री जागून रंगवला होता. तो सगळाच गेला. आम्हाला वाईट वाटले, थोडा रागही आला. आधीच आपल्या माणसांबद्दल कोणी लिहीत नाही, त्यात आपणच खोडायचे?

"ओळ आहे ना? मग ती सांग. वर आणखी दहा लावशील तर तो माणूस हीसुद्धा धरणार नाही." खाला चष्मा पुसत म्हणाल्या.

चहा घेताना मुलीने क्लॉडेट कोल्विनची गोष्ट काढली. अमेरिकेत, मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स सर्वांना माहीत; पण त्यांच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५मध्ये, त्याच शहरात पंधरा वर्षांच्या या मुलीने तेच केले आणि तिला अटक झाली. मग तिचे नाव मागे पडले.

"मग तुला कसं कळलं?" खालांनी विचारले.

"फिलिप हूज नावाच्या लेखकाने तिला भेटून, विचारून पुस्तक लिहिलं, नानी. २००९मध्ये."

खाला काही बोलल्या नाहीत. मुलीने लाल रेघांचा तो कागद उलटा केला आणि विचारले, "तुमच्या पहिल्या वर्गात किती मुली होत्या?"

"माझं काय लिहितेस!" म्हणून त्यांनी हात झटकला. मग बोटांवर मोजू लागल्या. कोण कुठे बसायची, कोणाचे लग्न सातवीतच ठरले, कोणाच्या अब्बांना समजवायला त्या तीनदा घरी गेल्या. मगरिबपर्यंत अकरा नावे झाली. बारावीच्या वडिलांची बेकरी होती हे आठवले, नाव काही येईना.

परतीची लोकल मुंब्रा सोडून दिव्याच्या अलीकडे रखडली होती, तेव्हा फोन वाजला. खालांना नाव आठवले होते. मुलीने पर्समधून कागद काढला आणि उभ्यानेच लिहून घेतले.