शाओलिन मठांत एक दिवस

बौद्ध भिक्षु म्हटला कीं मिटलेले डोळे आणि मांडीवर स्थिरावलेले हात आपल्यापुढें उभे राहतात. तोच भिक्षु मूठ आवळून, पाय रोवून उभा आहे असें चित्र ज्या मठानें जगाला दिलें, तो चीनमधील शाओलिन मठ पाहण्याचा योग आम्हांस २०१८ सालच्या ऑक्टोबरांत आला. समागमें आमचा पुतण्या होता. चित्रपट पाहून पाहून शाओलिनच्या विद्येंत तो इतका पारंगत झाला होता कीं, वाटाड्याची आम्हांस गरजच नाहीं अशी त्याची समजूत होती.

हेनान प्रांतांतील झेंगझोऊ शहराहून मोटारीनें दोनएक तासांत आम्ही डेंगफेंग या गांवीं पोंचलों. सुंग पर्वताच्या कुशींत वसलेल्या या गांवीं मठाच्याही आधीं दृष्टीस पडतात त्या शाळा. मैदानामागून मैदानें, आणि त्यांवर एकाच रंगाच्या पोषाखांत एका आरोळीसरशीं वळणारीं शेंकडों मुलें! “काका, किती हे भिक्षु!” पुतण्या उद्गारला. बरोबरचा दुभाष्या हंसला. हे भिक्षु नव्हेत, वसतिगृहांत राहून युद्धकला शिकणारे विद्यार्थी होत, असें त्यानें सांगितलें. पुढें पोलिसांत, सैन्यांत, चित्रपटांत किंवा शिक्षकाच्या जागीं पोट भरतां यावें, या आशेनें आईबाप त्यांना येथें धाडतात.

मठ इ. स. ४९५ मध्यें उत्तर वेई घराण्याच्या शिआओवेन सम्राटानें स्थापिला, तो एका भारतीय भिक्षूसाठीं. चिनी लोक त्यास बातुओ म्हणतात. मागाहून आलेला बोधिधर्महि आपल्याच देशचा असें परंपरा सांगते. मठामागील डोंगरांतल्या गुहेंत भिंतीकडे तोंड करून तो नऊ वर्षें बसला, अशी आख्यायिका आहे. त्यानेंच भिक्षूंस मुष्टियुद्ध शिकविलें ही समजूत मात्र अभ्यासकांस मान्य नाहीं. या मठाचा जो ‘चान’ पंथ, तें नांव आपल्या ‘ध्यान’ शब्दाचेंच रूप. जपानांत त्याचेंच ‘झेन’ झालें. दीक्षा घेतलेला चिनी भिक्षु आपलें कुलनाम सोडून ‘शी’ हें नांव लावतो. तें शाक्यमुनि या नांवाच्या चिनी रूपांतील पहिलें अक्षर. इतक्या दूर येऊन घरचेच शब्द असे वेष पालटून भेटावे, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

आंत यात्रेसारखी गर्दी होती. एका सभागृहांत खेळ चालू होता. एका तरुणानें कपाळावर लोखंडी पट्टी मोडली. दुसऱ्यानें गळ्यावर भाल्याचें टोंक टेकवून भाला वांकविला. प्रेक्षकांचे हात टाळ्यांपेक्षां फोन धरण्यांतच अधिक गुंतले होते. पुतण्यानें आधीं टाळ्या पिटल्या, मग हळूच विचारलें, “यांतले खरे भिक्षु किती?” कांहीं दीक्षा घेतलेले, पुष्कळसे लौकिक शिष्य, असें उत्तर मिळालें. पोराचा चेहरा उतरला.

तेथून आम्ही मागच्या सहस्रबुद्ध-मंदिरांत गेलों. त्याच्या फरशीवर ४८ खळगे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागीं पाय आपटून केलेल्या अभ्यासानें ते पडले, असें सांगतात. येथें खेळ नव्हता, घोषणा नव्हती. पुतण्या बराच वेळ त्या खळग्यांकडे पाहत राहिला.

बाहेर पायऱ्यांवर एक भिक्षु पानें झाडीत होता. दुभाष्याकरवीं आम्हीं त्याची दिनचर्या विचारली. पहांटे घंटा, सूत्रपठण, न बोलतां निरामिष भोजन, मग व्यायाम आणि वांट्याला येईल तें काम. इतक्यांत त्याच्या बाहींतला फोन वाजला. कोणी पाहुणे आल्याची वर्दी होती. ती वाचून त्यानें झाडू भिंतीशीं टेकला, एक हात छातीशीं उभा धरून आम्हांस वंदन केलें व तो निघून गेला. बोधिधर्माचा शिष्य हुइके यानें गुरूपुढें निष्ठा दाखविण्यासाठीं आपला हात तोडला, त्याच्या स्मरणार्थ येथें एका हातानेंच वंदन करतात, असें म्हणतात.

परततांना स्तूपवन पाहिलें. गत आचार्यांचे दोनशेंहून अधिक समाधिस्तूप तेथें आहेत. अलीकडच्या एका स्तूपावर चक्क मोटार आणि संगणक कोरलेले पाहून आम्हांस हंसूं आलें. पण या मठानें काय काय सोसलें तें आठवून हंसूं मावळलें. १९२८ सालीं एका सेनापतीनें मठास आग लावली, तींत ग्रंथभांडार जळालें. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतींत भिक्षूंची वाताहत होऊन मूठभर उरले. १९८२ च्या ‘शाओलिन मंदिर’ या चित्रपटानें जगाची रीघ येथें लावली. ज्या गर्दीचा आम्हांस वीट आला, तिनेंच मठ पुन्हां उभा केला होता.

पुढें २०२५ च्या जुलैंत बातमी आली. १९९९ पासून मठाधिपति असलेले शी योंगशिन यांजवर मठाच्या द्रव्याचा अपहार व संघनियमांचा भंग केल्याचे आरोप होऊन चौकशी सुरू झाली. त्यांचें दीक्षापत्र रद्द झालें, आणि लोयांगच्या श्वेताश्व विहाराचे शी यिनले यांची त्या जागीं नेमणूक झाली. त्याच रात्रीं पुतण्याचा फोन आला. आतां तो नोकरीनिमित्त दूर असतो. “काका, म्हणजे आपण पाहिलें तें सारें ढोंगच का?”

आम्हांस एकदम उत्तर सुचेना. शेवटीं आम्हीं विचारलें, “त्या फरशीवर खळगे पाडणाऱ्यांपैकीं एकाचें तरी नांव तुला ठाऊक आहे का?”

तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “नाहीं. आणि पानें झाडणाऱ्या त्या भिक्षूचेंहि नांव आपण विचारलें नाहीं.”

तेवढें मात्र आमच्या हातून चुकलेंच.