गल्ला, संगणक आणि अणुव्रत

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या आपल्या व्यापारी घरांतून रोजमेळाची लाल वही आता हळूहळू मागे पडत आहे. माझ्या पुतण्याने किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक गल्ला, म्हणजे कॅश रजिस्टर, संगणकाला जोडण्याचे ठरविले आणि सोबतीला मला बोलावले.

जोडणी फारशी अवघड नव्हती. गल्ल्याच्या मागे नऊ पिनांचे सिरियल पोर्ट होते. संगणकाला तसे नसल्याने यूएसबीचा जोड घ्यावा लागला. एका यंत्राची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या स्वीकारण्याच्या तारेला मिळावी लागते, आणि दोघांचा वेग, समजा ९६०० बॉड, सारखा ठेवावा लागतो. तो जुळला नाही तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. वेग जुळताच दिवसाची विक्री संगणकात उतरू लागली. रात्रीचा 'झेड' अहवाल त्या दिवसाची बेरीज छापून आकडे शून्यावर आणतो आणि स्वतःचा अनुक्रमांक पुढे नेतो. मधला एखादा दिवस गाळला तर तो लगेच उघडा पडतो.

हे पाहून पुतण्या गंभीर झाला. म्हणाला, "काका, म्हणजे आता कच्ची वही आणि पक्की वही असा भेद उरणार नाही. पूर्ण विक्री दाखवून आपला निभाव लागेल का?"

प्रश्न खरा होता. किराण्यात नफा थोडा, स्पर्धा मोठी. अमेरिकेतील डेटन येथील जेम्स रिटी या मद्यगृहचालकाने १८७९ मध्ये गल्लायंत्राचे पेटंट घेतले, ते नोकरांच्या हातचलाखीला आळा घालण्यासाठी. संगणकाला जोडल्यावर तेच यंत्र मालकाचीही नोंद ठेवू लागते.

मी त्याला आधी बँकेचा हिशेब सांगितला. नायक समितीच्या सूत्रानुसार लहान उद्योगाला खेळत्या भांडवलासाठी मिळणारे बँकेचे कर्ज अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के धरले जाते. विक्री लपविणारा व्यापारी कर वाचवितो खरा, पण कर्ज मागताना त्याची स्वतःचीच वही त्याच्या विरोधात उभी राहते.

पण व्यवहाराचा हिशेब येथे पुरेसा नाही. तत्त्वार्थसूत्रात कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लिखाण, हा सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे; तर खोटी वजनेमापे अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत येतात. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या श्रावकाला डोळ्यांसमोर ठेवूनच जणू ही यादी केली आहे.

पुतण्याने त्या महिन्यापासून प्रत्येक विक्री यंत्रावर घेतली. 'बिल नको, भाव कमी करा' म्हणणारी काही गिऱ्हाइके तुटली. ती झळ त्याने सोसली, याचे मला मोल वाटते. कारण यंत्राने त्याला भाग पाडले नव्हते. जी विक्री कळ न दाबताच झाली, तिची नोंद कोणतीही तार संगणकापर्यंत नेऊ शकत नाही. कळ दाबायची की नाही, हे गादीवरचा माणूसच ठरवितो. अणुव्रताची कसोटी लागते ती त्याच क्षणी. दुकानाची सूत्रे हाती घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना यंत्र शिकविताना हेही शिकवावे.