एक मीटर मोकळी माती

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत पाणी आणि पार्किंग झालं की झाडांचा विषय निघतोच. आमच्याकडे तो एका उन्हाळ्यात निघाला आणि चांगलाच तापला.

आमच्या फाटकाशी एक वर्षावृक्ष आहे. लोक त्याला रेन ट्रीच म्हणतात. इथे पूर्वी बंगला होता, तेव्हापासूनचं हे झाड. आधीच्या पावसाळ्यात त्याची एक फांदी पडून एका गाडीची काच फुटली होती आणि बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक वर उचलले गेले होते. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापला होता: ‘धोकादायक झाड काढणे व त्या जागी शोभेच्या कुंड्या ठेवणे.’

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून मी आधी सगळ्यांचं ऐकून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “हे परदेशी झाड. ऑक्सिजन देत नाही. पिंपळ लावा, तो चोवीस तास देतो.” एक वहिनी म्हणाल्या, “कुंड्यांमध्ये स्नेक प्लँट ठेवू. नासानेच सांगितलंय, हवा शुद्ध करतं, रात्रीसुद्धा.” मुळं इमारतीच्या पायात शिरतील, अशी आणखी काहींना भीती होती. यातल्या कुणालाही झाडांचा राग नव्हता. सगळ्यांच्या बाल्कनीत तुळस आहे, गवती चहा आहे, कढीपत्ता आहे. 2021 मधल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत यातले काही जण घरच्या माणसासाठी सिलिंडर शोधत रात्रभर वणवण फिरले होते. त्यांच्या तोंडी ऑक्सिजन हा शब्द पुन्हा पुन्हा येतो तो उगीच नाही.

पण झाडातून ऑक्सिजन निघतो तो पाण्याचा रेणू फुटतो म्हणून, आणि तो फोडायला उजेड लागतो. रात्री पिंपळही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. स्नेक प्लँटची तऱ्हा थोडी वेगळी आहे. कोरड्या प्रदेशातली ही वनस्पती दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांवरची रंध्रं रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवते. पुढचं काम ऊन आल्यावर. नासाचा अभ्यास खरा आहे, 1989 चा. पण तो बंदिस्त पेटीत केलेला होता. आपली घरं तशी बंद नसतात, दारं-खिडक्या-फटींतून हवा सतत बदलत असते. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र फेरआढावा घेतला गेला, तेव्हा हिशेब निघाला की इमारतीत आपोआप खेळणाऱ्या हवेइतका परिणाम साधायला एका चौरस मीटरला किमान दहा आणि कमाल हजार झाडं ठेवावी लागतील. तेवढी ठेवली तर माणसं राहणार कुठे?

मी हे सांगितलं तेव्हा काकांनी सरळ विचारलं, “मॅडम, ऑक्सिजनसाठी नाही, तर मग झाड ठेवायचं कशासाठी?”

मला हा प्रश्न फार आवडला. हवेत जवळजवळ 21 टक्के ऑक्सिजन आहे आणि पुण्यात त्याचा तुटवडा नाही. शहरात तुटवडा आहे तो सावलीचा आणि मुरणाऱ्या पाण्याचा, आणि झाड नेमकं तेच देतं. एवढ्या मोठ्या उपकाराचं श्रेय आपण झाडाला कधी देत नाही आणि भलत्याच गोष्टीसाठी त्याचं कौतुक करतो. मग दुसरं एखादं झाड ‘जास्त ऑक्सिजनवालं’ आहे असं कुणी म्हटलं की पहिलं तोडायला मोकळे होतो.

सभा तहकूब झाली. त्या आठवड्यात आमच्याकडे एसी दुरुस्तीला आलेल्या मुलाजवळ लांबून तापमान सांगणारं यंत्र होतं. मी त्याला दुपारी खाली नेलं आणि काकांनाही हाक मारली. उन्हातल्या ब्लॉकवर आकडा पन्नाशीच्या पुढे गेला. त्याच ब्लॉकची झाडाखालची रांग चाळिशीच्या आत होती. काकांनी यंत्र स्वतःच्या हातात घेतलं, गाडीच्या टपावर धरलं, भिंतीवर धरलं, पुन्हा सावलीत आले. त्यांना मी फक्त एवढंच सांगितलं की ही नुसती सावली नाही. पानांतून पाणी वाफ होऊन जातं आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश युनिट वीज. मुळांना पाणी पुरेसं मिळत असलं तर असं मोठं झाड दिवसात शंभर लिटर सहज उडवतं. फाटकाशी उभं राहून ते हे काम बिल न लावता करतं आहे.

तरी मुळांची भीती उरलीच होती, आणि ती नुसत्या बोलण्याने जाणारी नव्हती. म्हणून मी सेक्रेटरींना विनंती केली की वर आलेले थोडे ब्लॉक काढून खाली काय आहे ते बघू.

माळीमामांनी पहार घातली. वरचा ब्लॉक, त्याखाली बारीक खडीचा थर, त्याखाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम. त्या दगडासारख्या मुरुमात मुळं शिरलीच नव्हती. ती सगळी ब्लॉक आणि मुरूम यांच्या मधल्या बोटभर फटीत पसरली होती, चपटी होऊन, एकमेकांवर चढून. मामा म्हणाले, “बाई, हितं एकबी गांडूळ न्हाई.” खणलेल्या ढेकळाला कुजट वास येत होता.

त्या खड्ड्यात सभेतल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर होतं. पानं ऑक्सिजन तयार करतात हे सगळ्यांना पाठ असतं, पण मुळांनाही श्वासासाठी ऑक्सिजन लागतो हे शाळेत शिकूनही आपण विसरतो. मुळांना तो मिळतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात, आणि आपण नेमका तोच थर दाबून वर फरशी बसवतो. मग जिथे जरा हवा आणि ओल सापडेल तिथे मूळ जातं. ब्लॉकच्या खालच्या अंगाला रात्री गारव्याने ओल धरते, म्हणून ते तिथे जातं, जाडजूड होतं आणि ब्लॉक उचलला जातो. सुदृढ पायाचं काँक्रीट मूळ फोडत नाही. आधीच तडा असला, पाइप गळत असला, तर तिथे ते शिरतं. गळती आपली असते.

झाडं पडतात त्याचंही कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. ड्रेनेजसाठी, केबलसाठी बुंध्याजवळून चर खणतात आणि एका बाजूची आधाराची मुळं कापली जातात. विजेच्या तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटतात आणि तोल दुसरीकडे जातो. मग जूनमधला पहिला वादळी पाऊस येतो, जमीन भिजून सैल होते आणि झाड आडवं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, या जातीची झाडंच ठिसूळ. काही झाडं खरोखर धोक्याची होतात, हे मी नाकारत नाही. बुंध्याशी अळंबी उगवली, खोड ठोकल्यावर पोकळ वाजलं, मुळाजवळ जमिनीला नवी भेग पडली किंवा झाड अचानक कलू लागलं, तर तज्ज्ञाला बोलवायलाच हवं. आमच्या झाडात यातलं काही नव्हतं. वाळलेल्या दोन फांद्या होत्या. रीतसर परवानगी काढून त्या पावसाळ्याआधी उतरवल्या. वाळक्या फांदीचा एक आखूड खुंट मी आग्रहाने ठेवायला लावला, कारण तांबट पक्ष्याला घर कोरायला अशीच मेलेली लाकडं लागतात. शहरातली झाडं फार चकाचक छाटली की तो बिचारा जाणार कुठे?

‘परदेशी’ या आक्षेपात तथ्य आहे. वर्षावृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची एकसुरी लागवड झाली, त्याखाली दुसरं फारसं उगवत नाही, हे पाहून मलाही वाईट वाटतं. नवं झाड लावायचं तर ताम्हण लावा, बहावा लावा, करंज लावा. जागा मोठी असेल तर उंबर लावा, त्याच्या फळांवर कितीतरी पाखरं जगतात. पण उभं असलेलं, पन्नास वर्षांची सावली देणारं झाड त्याच्या मूळ गावावरून तोडू नये. आज लावलेल्या रोपाची सावली आपल्या नातवंडांना मिळेल. या झाडाची सावली आत्ता खाली उभ्या असलेल्या वॉचमनला मिळते आहे.

कायदाही या बाजूने आहे. महाराष्ट्रात 1975 पासून शहरी भागातलं झाड, स्वतःच्या आवारातलं असलं तरी, परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट घातली. मी हे सभेत सांगितलं खरं, पण मतं बदलली ती खड्ड्यातली मुळं बघून.

पुढच्या सभेत ठराव झाला. बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढले, मुरूम हाताने सैल केला. त्यासाठी यंत्र लावू दिलं नाही. त्यावर शेणखत आणि झाडाचाच पालापाचोळा पसरला, मात्र तो खोडाला टेकवला नाही, कारण सालीशी सतत ओल राहिली की ती कुजते. पार्किंगची एक जागा गेली. ती सोडणारे गृहस्थ तेच काका. पावसाळ्यात फाटकाशी जे तळं साचायचं ते त्या वर्षी साचलं नाही, पाणी आळ्यात मुरलं. पुढच्या दिवाळीत मामांनी खुरपं घातलं तेव्हा मातीत गांडुळं होती.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता: बुंध्याभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा. आपल्या आवारात हे करायला लवादाची वाट पाहू नका. येत्या रविवारी टेप घेऊन खाली उतरा आणि तुमच्या सोसायटीतल्या प्रत्येक झाडाभोवती मोकळी माती किती आहे ते मोजा. एक मीटरपेक्षा कमी भरली, तर पुढच्या सभेत हा विषय तुम्ही मांडा, आणि पावसाळा लागायच्या आत ब्लॉक काढून घ्या.