निष्क्रिय खाते

शाळेत असताना मी हनुमानासन करीत असे. एक पाय पुढे, एक मागे आणि आपण सपाट जमिनीवर! मल्लखांबाचे सर बजावत, "सोडू नकोस, नाहीतर जाईल." पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि पंचवीस वर्षे फक्त खुर्चीवरचे आसन केले.

परवा आमची नऊ वर्षांची कन्या सहज जमिनीला टेकली. "बाबा, तुम्हाला येतं?"

"येतं म्हणजे काय!" म्हणत मी निम्म्यावर गेलो आणि तिथेच राहिलो. खाली जाववेना, वर येववेना. शेवटी हिने आणि शेजारच्या नानांनी काखेत हात घालून मला उचलले.

कन्येच्या मॅडम म्हणाल्या, "आलेलं टिकवायला आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. आधी अंग गरम करायचं, मग अर्धा-अर्धा मिनिट ताण. झटके नाहीत."

"आणि मला?"

"तुम्हाला आधी यायला हवं."

बँकेत दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. पण शिल्लक तरी शाबूत राहते हो! इथे शिल्लकच गायब.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही दोघे बसतो. ती जमिनीवर, मी दोन उशांवर. गेल्या महिन्यात तीन लागत होत्या.