बाप म्हणजे भात

सगळी चूक कोरियन सिरियल्सची! रात्री दोन वाजता स्क्रीनवर हिरो-हिरॉइन जाळीवर मांस भाजतायत, कात्रीने कचाकच कापतायत आणि आपण इकडे बेडवर बसून मॅगी ढवळतोय... किती दिवस सहन करणार? त्यामुळे बाणेरला नवीन कोरियन बार्बेक्यू उघडलंय असं कळल्यावर एका शुक्रवारी आर्टिकल मेल केलं आणि एकटीच जाऊन थडकले.

‘‘मॅम, किती जण?’’

‘‘एक.’’

वेटरचा चेहरा पडला. बार्बेक्यू हवं तर मिनिमम दोन पोर्शन. एकटीला नूडल्स मिळतील, पण जाळी पेटणार नाही.

तणतणत घरी आले आणि गुगल केलं. म्हटलं, आता मस्त पुणेरी पाट्यांवर लिहूया. तर कळलं, हा पुणेरी नाही, अस्सल कोरियन खाक्या आहे. खुद्द कोरियातही बऱ्याच ठिकाणी दोघांच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. निखारे पेटवायचे, टेबलभर वाट्या मांडायच्या, ते एका माणसासाठी परवडत नाही. एकट्याने जेवायला तिकडे वेगळा शब्दच आहे, ‘होनबाप’. होन्जा म्हणजे एकटा आणि बाप म्हणजे भात, जेवण.

आता दुसरं माणूस आणायचं कुठून? रूममेट बंगलोरला गेली आणि फ्रीलान्सरला ऑफिसची गँग नसते. तेवढ्यात डोळे दाखवायला साताऱ्याहून बाबा आले.

बाबा म्हणजे रविवारचं मटण ठरलेल्या खाटकाकडूनच आणणारा माणूस. आत शिरताच त्यांची नजर प्रत्येक टेबलावर लोंबणाऱ्या धूर ओढायच्या नळीवर गेली. ‘‘हा बंब उलटा का टांगलाय?’’ शेजारच्या टेबलावर चार कोरियन साहेब होते. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, त्यामुळे पुण्याला ही मंडळी नवीन नाहीत. आपल्याला मात्र सिरियल्स आल्यावर दिसायला लागली!

ऑर्डर द्यायच्या आधीच सहा वाट्या आल्या. किमची, मुळा, मोड आलेलं कडधान्य, तिळाच्या तेलातला पालक. ‘‘ह्याचं बिल किती लावतात?’’ फुकट असतं, संपलं की परत देतात, हे ऐकून बाबांचं कोरियाबद्दलचं मत एकदम सुधारलं. किमची घालायच्या तिकडच्या सामुदायिक प्रथेला २०१३मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, हेही मी ऐकवलं. ‘‘तुझ्या आजीच्या लोणच्याला कोणी विचारलं नाही,’’ बाबा म्हणाले.

मला खायचं होतं सामग्योपसाल. म्हणजे तीन थरांचं मांस, डुकराच्या पोटाकडचं. बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. चिकन सांगितलं. दोन पोर्शन. लालभडक गोचुजांग लावलेलं. आमच्या साताऱ्याच्या जिभेला ते तिखट कसलं, गोडच!

तिकडे भाजायचं काम सहसा धाकट्याचं असतं. म्हणून चिमटा मी घेतला आणि पहिले चार तुकडे करपवले.

‘‘हो बाजूला.’’

बाबांनी चिमटा घेतला. तुकडे मधल्या आचेवरून कडेला सरकवले, एका बाजूने रंग धरल्यावरच उलटले आणि कात्रीने बारीक कापले. मी बघतच राहिले. आई होती तोवर या माणसाला चहाचं पातेलं कुठे असतं, तेही माहीत नव्हतं.

‘‘कुठे शिकलात?’’

‘‘कुठे म्हणजे? घरी. पहिले दोन महिने सगळं करपायचं. मग दूध-पोहे खायचो.’’

ते दोन महिने मी रोज रात्री फोन करत होते. ‘‘जेवलात का?’’ ‘‘हो, फर्स्ट क्लास!’’ मग ते विचारायचे, ‘‘आणि तू?’’ आणि मी मॅगीचा बाऊल मांडीवर घेऊन सांगायचे, ‘‘पोळी-भाजी.’’

मी हे तेव्हाच त्यांना सांगून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. लेट्यूसचं पान घेतलं, त्यात चिकन, लसणाची चकती आणि जरासा भात ठेवला, विड्यासारखी घडी घातली आणि माझ्यासमोर धरलं. ‘‘आ कर.’’ कोरियात असा घास भरवणं खास मायेचं समजतात, पण बाबांनी एकही सिरियल बघितलेली नाही. शेजारचे साहेब बघत होते. मी आ केला. मोठा घास होता, डोळ्यांत पाणी आलं. लसणामुळे, असं म्हणूया.

‘‘कोरियन लोक भेटल्यावर काय विचारतात माहितीये?’’ मी विषय बदलला. ‘‘बाप मोगोस्सॉ? म्हणजे, जेवलीस का?’’

‘‘मग त्यात बापाचं काय काम?’’

बाप म्हणजे भात, हे सांगितल्यावर ते इतके हसले, की वेटर धावत आला. मग त्याच्याकडून पानं दोनदा मागवून घेतली. फुकट ना!

स्वारगेटला एसटीत बसताना खिडकीतून म्हणाले, ‘‘पुढच्या महिन्यात परत डोळे दाखवायला येतो.’’

डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलंय.