प्रवाळभित्तीच्या आत आणि बाहेर

परदेशातल्या एखाद्या उष्ण कटिबंधीय बेटावर सुट्टी घालवण्याचा बेत ठरतो तेव्हा मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात बहुधा आधी दिवसांची वाटणी होते: अमुक दिवस समुद्रकाठी निवांत पडून राहायचे, तमुक दिवस डोंगर चढायचा, पाण्याखाली उतरायचे, वाऱ्यावर स्वार होऊन लाटांवरून धावायचे. विश्रांती आणि साहस ही परस्परांना छेद देणारी दोन टोके आहेत आणि सुट्टीच्या ठरावीक दिवसांत दोघांनाही न्याय द्यायचा तर तोलूनमापूनच द्यावा लागेल, असे या वाटणीमागचे गृहीतक असते. मॉरिशससारख्या बेटाची घडण नीट पाहिली तर ते टिकत नाही, कारण तेथील निवांतपणा आणि तेथील जोखीम एकाच रचनेची दोन अंगे आहेत. ती रचना ज्याला समजली त्याला दिवसांचा क्रम वेगळा शोधावा लागत नाही, आणि जो तिच्याकडे पाठ फिरवतो त्याच्या पदरी पुष्कळदा दोन्हींपैकी काहीच पडत नाही.

मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे, आणि त्याच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळभित्तीचे कडे आहे. प्रवाळ म्हणजे पोवळे. अतिसूक्ष्म शैवालाला आपल्या शरीरात आश्रय देणारे लहान समुद्रजीव चुनखडीचे सांगाडे रचत जातात, पिढ्यांमागून पिढ्या त्यांचे थर चढतात आणि पाण्याखाली एक भिंत उभी राहते. खुल्या हिंदी महासागरातून आलेली लाट या भिंतीवर फुटते, आणि भिंत व किनारा यांच्यामध्ये शांत, उथळ पाण्याचा पट्टा उरतो, ज्याला लगून म्हणतात. पर्यटनाच्या जाहिरातींत दिसणारे निळे-हिरवे, काचेसारखे पाणी ते हेच. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला दूरवर फेसाची एक पांढरी रेघ अखंड दिसते आणि तिचा गंभीर, सततचा आवाज पायाशी चुळबुळणाऱ्या पाण्यापर्यंत येऊन पोहोचतो. पोहता न येणाऱ्या लहान मुलाला निर्धास्तपणे पाण्यात खेळू देणारी शांतता त्या रेघेपाशी महासागर रोज अडवला जात असल्यामुळे टिकून आहे. ही भिंत नसली तर काय होते ते बेटाच्या दक्षिण टोकाला, सुइयाकजवळच्या ग्री-ग्री येथे पाहायला मिळते: तेथे भित्तीत खंड पडलेला आहे, लाटा थेट काळ्या बेसाल्टच्या कड्यावर आदळतात, आणि पोहणे जिवावर बेतू शकते. बेट एकच, समुद्रही एकच. मध्ये पोवळ्यांची भिंत आहे की नाही, एवढ्यावर सगळे ठरते.

म्हणूनच साहसी खेळांची ठिकाणे प्रामुख्याने या भिंतीच्या काठावर किंवा तिच्यातल्या मोकळ्या वाटांपाशी आढळतात. नैर्ऋत्येकडील ल मोर्न द्वीपकल्पाजवळ पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापत जाण्याचा खेळ, म्हणजे काइटसर्फिंग, शिकवला जातो तो भिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात. त्याच ठिकाणी भिंतीच्या बाहेर ‘वन आय’ नावाची जगप्रसिद्ध लाट उठते आणि तेथे केवळ मुरलेल्या खेळाडूंनीच जावे असा दंडक आहे. नवशिक्या आणि निष्णात यांच्यामधली रेषा तेथे निसर्गानेच आखून दिलेली असते. बेत आखणाऱ्याने नकाशावर हॉटेलांचे तारे मोजण्याआधी ही रेषा पाहावी.

दुसरी पाहण्याची गोष्ट वारा. मॉरिशस दक्षिण गोलार्धात सुमारे २० अंशांवर आहे आणि मुंबई उत्तरेस सुमारे १९ अंशांवर, म्हणजे विषुववृत्तापासून दोहोंचे अंतर जवळपास सारखे, पण ऋतू उलटे. महाराष्ट्रात मे महिन्याच्या सुट्टीत अंगाची लाही होत असते तेव्हा तेथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. मे ते ऑक्टोबर हा कोरडा, सौम्य काळ. या काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे, म्हणजे उष्ण कटिबंधात वर्षानुवर्षे ठरल्या दिशेने वाहणारे वारे, विशेष जोर धरतात. परिणामी पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारसारख्या सुंदर पुळणीवर जून-जुलैत वाळू उडते, अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि त्याच दिवशी डोंगरांच्या आडोशाला असलेल्या पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाकला किंवा वायव्येच्या त्रू-ओ-बिशला पाणी निवळ असते. एकाची विश्रांती मोडणारा हाच वारा ल मोर्नच्या पतंगवाल्यांना हवा असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व दमट काळ, आणि त्यातही जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा. बेटावर चार पायऱ्यांची इशारापद्धती आहे आणि वरच्या पायऱ्यांना सारे व्यवहार थांबतात. दिवाळीच्या आगेमागे वारा मंदावतो, पाणी कोमट होऊ लागते आणि वादळांचा हंगाम अद्याप दूर असतो, त्यामुळे शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या कुटुंबासाठी हा पंधरवडा सर्वांत अनुकूल मानायला हरकत नाही.

तिकीट, परकीय चलन, विमा या बाबींवर सहलकंपन्यांच्या पुस्तिकांत पुरेसे लिहिलेले असते. त्यांतली विम्याची बाब मात्र दुर्लक्षित राहते: प्रवासविम्याच्या कित्येक योजनांत पाण्याखाली बुडी मारणे किंवा दोर लावून चढणे हे धोके वगळलेले असतात, आणि ते बारीक अक्षरांतले कलम घरी वाचणे आणि परक्या देशातल्या रुग्णालयात वाचणे यांत मोठे अंतर आहे. मुक्कामाबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. उत्तरेची सहल, दक्षिणेची सहल आणि इल ओ सेर्फ या लहान बेटाची नौकासहल अशी जी तीन दिवसांची ठरीव चौकट बहुतेक ठिकाणी विकली जाते, तिच्यात प्रवासी सकाळी बसमध्ये चढतो आणि संध्याकाळी बसमधून उतरतो. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर लांब आहे. पश्चिम किनाऱ्यावर एकाच जागी मुक्काम ठेवून निम्मी ठिकाणे सोडून देणारा माणूस अधिक पाहतो, असे ठामपणे म्हणता येईल. ज्या बेतात वगळलेल्या स्थळांची यादी नाही तो बेत अजून पुरा झालेला नाही.

क्रमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण होतो तो स्कूबा डायव्हिंगमुळे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेत केलेल्या बुडीमुळे, आणि त्याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा पदार्थविज्ञानाने दिलेले आहे. पाण्यात दर १० मीटर खोलीमागे एका वातावरणाइतका दाब वाढतो. वाढलेल्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या उतींमध्ये अधिक प्रमाणात विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर हा नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, पण दाब एकाएकी घटला तर त्याचे बुडबुडे बनतात, आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही संभवते. विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या हवेइतका कमी असतो. म्हणून शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांच्यात निदान १८ तास आणि शक्यतो पूर्ण २४ तास जावे लागतात. बुडी मारून त्याच दिवशी डोंगरमाथ्यावर जाणेही टाळावे. यातून दिवसांची मांडणी आपोआप होते: आधी डोंगर, मग पाणी, आणि पाण्यानंतर सक्तीचा एक दिवस जमिनीवर. शरीराने मागितलेली ही विश्रांती साहसाचाच अखेरचा टप्पा असतो. प्रमाणपत्र नसलेल्या नवशिक्याला प्रशिक्षक १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. सर्दी झाली असेल तर बुडी मारू नये, कारण चोंदलेल्या नाकाने कानातला दाब समतोल राखता येत नाही. साध्या मुखवट्याने ब्लू बेच्या उथळ पाण्यात तरंगत राहणाऱ्यालाही पुष्कळ दिसते: मेंदूच्या वळ्यांसारखे गोल पोवळे, त्याच्या खाचेत शिरणारे पट्टेरी मासे, आणि हाताच्या अंतरावर असूनही हात लावायचा नाही असे सारे काही.

हात न लावण्याचा नियम शिष्टाचारापुरता नाही. समुद्राचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल मर्यादेपेक्षा साधारण एका अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले तर प्रवाळजीव आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि उपासमारीने मरू लागतात. तापलेल्या समुद्राने मॉरिशसच्या भित्तीवर असे आघात केलेले आहेत. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या भित्तीवर चढून बसले, ऑगस्टमध्ये त्यातले तेल लगूनमध्ये पसरले आणि बेटावरच्या हजारो लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून तेल अडवणारे बांध स्वतःच्या हातांनी शिवले. या भिंतीशी तिथल्या माणसाचे नाते पोटाचे आणि छपराचे आहे. पाहुण्याकडून फार काही मागितले जात नाही: अंगाला रासायनिक मलम चोपडण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, पाय टेकायचा तर वाळूवर, आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा उथळ पाण्यात असतो म्हणून पायांत रबरी बूट.

डोंगर चढण्याचा दिवस सर्वांत विचारपूर्वक निवडावा, कारण ल मोर्न ब्राबाँ हा ५५६ मीटर उंचीचा कातळ नुसता गिर्यारोहणाचा विषय नाही. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी उसाच्या मळ्यांतून पळालेले दास, ज्यांना ‘मारून’ म्हणतात, या कातळाच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहिले. त्यांनी ही जागा निवडली याचे कारण ती दुर्गम होती. जेथे चढताना जीव जाण्याची भीती तेथेच पाठलाग थांबण्याची आशा. १८३५ साली दासप्रथा संपली तेव्हा मुक्तीची वार्ता सांगायला शिपाई वर येऊ लागले आणि ते धरायला येत आहेत असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे लोकस्मृती सांगते. २००८ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि पायथ्याशी दासप्रथेचे स्मारक उभे आहे. सहलीचा आस्वाद घेणाऱ्याने हे ओझे घेऊन चढावे की नाही, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु आसरा आणि धोका एकाच कातळात कसे सामावतात हे ज्या भूमीने इतक्या कठोरपणे दाखवले, तिथे त्याकडे डोळेझाक करून मिळवलेला थरार उथळच राहणार. चढाईचा खालचा टप्पा रुंद पायवाटेचा आहे. वरचा टप्पा हातापायांनी धरून चढायचा असून पाऊस पडून गेला असेल तर बेसाल्ट अतिशय निसरडा होतो, तेव्हा वाटाड्या सोबत घ्यावा आणि उजाडताच निघावे. ज्यांना उंचीचे भय आहे त्यांनी खालच्या टप्प्यावरून मागे फिरण्यात कोणतीही उणीव नाही. त्यांच्यासाठी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाची जंगलवाट आहे. या प्रदेशातला मॉरिशस केस्ट्रेल हा लहान ससाणा १९७४ साली मोकळ्या निसर्गात अवघा चारच्या संख्येने उरला होता आणि अथक संगोपनाने पुन्हा झाडांवर दिसू लागला.

दासप्रथा संपत आली तेव्हा मळ्यांना मजूर हवे होते, आणि इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळपास पाच लाख भारतीय गिरमिटवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यांतले काही तेथून पुढे इतर वसाहतींत गेले. मुंबई बंदरातून निघालेल्यांत कोकणातली माणसे पुष्कळ होती. त्यांच्या वंशजांची मराठी मंडळे आहेत, कास्कावेलसारख्या पश्चिमेकडच्या गावांत त्यांची वस्ती आहे, शाळांतून मराठी शिकवली जाते, गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते आणि रत्नागिरीच्या जाखडीशी नाते सांगणारे ‘झाकरी’ नृत्य त्या दिवसांत नाचले जाते. घरी बोलायची भाषा मात्र बहुतेकांची क्रिओल आहे, आणि मराठी पाहुण्याने तिथे मराठी ऐकू येईलच असे धरून जाऊ नये.

म्हणून बुडीनंतरचा जमिनीवरचा दिवस राजधानीसाठी राखावा. पोर्ट लुईच्या बाजारात डाळपुरी जोडीने विकली जाते. शिजवून भरड वाटलेली पिवळी डाळ भरून पातळ लाटलेली ही पोळी म्हणजे पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण, आणि तिच्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचे रुगाय आणि कोथिंबिरीची चटणी घालून ती कागदात गुंडाळून हातात देतात. बाजारापासून थोड्याच अंतरावर आप्रवासी घाट आहे, २००६ साली जागतिक वारसा ठरलेला. दगडी पायऱ्या फक्त सोळा, आणि प्रत्येक नव्या मजुराला त्या चढूनच आत यावे लागे. शहराबाहेर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, मूळ गाव. ज्याच्या घरात कोणी फार पूर्वी बोटीने गेला आणि परत आला नाही असे बोलले जाते, त्याने आधीच पत्र पाठवून तिथल्या भेटीची वेळ विचारून घ्यावी, आणि बुडीचा दिवस त्यानंतरच ठरवावा.